युरोपात पुन्हा मोठं युद्ध होईल का? कलम ५, नार्वाची नदी आणि गोव्याचा दाखला

१० सप्टेंबर २०२५ च्या पहाटे वीसेक रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. वॉर्सासह काही विमानतळ थोडा वेळ बंद ठेवावे लागले. नेदरलँड्सच्या एफ-३५ विमानांनी त्यातले काही ड्रोन पाडले. पुढे नऊ दिवसांनी तीन रशियन मिग-३१ विमानं एस्टोनियाच्या हद्दीत घुसली आणि बारा मिनिटं तिथे राहिली. रशियाने अर्थातच हात वर केले. आपल्याकडच्या वाहिन्यांना तेवढं पुरलं. पडद्यावर आगीचे लोळ, मागे ढणाणा संगीत आणि 'तिसरं महायुद्ध' हे शब्द, ते थेट जाहिराती लागेपर्यंत.

त्या गोंगाटात प्रश्न मात्र राहूनच जातो. ज्या खंडाने शंभर वर्षांच्या आत दोन महायुद्धं पेटवली, तिथे पुन्हा तसं काही होऊ शकतं का?

आधी प्रश्नाचे तुकडे करू

एका अर्थाने हा प्रश्नच शिळा आहे. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपात मोठं युद्ध चालूच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरचं त्या खंडातलं हे सर्वांत मोठं युद्ध. त्याची सुरुवातही खरं तर २०१४ साली रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला तेव्हाच झाली होती. त्यामुळे 'युरोपात युद्ध होईल का' असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळंच काहीतरी विचारायचं असतं.

त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. फ्रान्स, जर्मनी, इटली हे जुने भांडखोर पुन्हा आपसांत लढतील का? आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या जुन्या जखमा पुन्हा चिघळतील का? आणि रशियाचं युद्ध युक्रेन ओलांडून नाटो देशांत शिरेल का? नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले बहुतेक देश मिळून झालेली लष्करी युती. १९४९ साली १२ देशांनी ती केली, आज ३२ सदस्य आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं 'मर्यादित प्रमाणात, हो'. खरी झोप उडवणारा प्रश्न तिसरा.

फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा भिडतील?

१८७० ते १९४० या सत्तर वर्षांत हे दोन देश तीनदा लढले. आल्सास प्रांतातल्या स्ट्रासबर्ग शहरात १८६५ साली जन्मलेला आणि ऐंशी वर्षं जगलेला माणूस घ्या. जन्माने फ्रेंच, १८७१ नंतर जर्मन, १९१८ नंतर फ्रेंच, १९४० नंतर पुन्हा जर्मन अंमलाखाली आणि १९४४ च्या अखेरीस परत फ्रेंच. बिचाऱ्याने घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, देश मात्र चारदा बदलला.

हे चक्र थांबलं ते फ्रेंच-जर्मनांच्या मनात एकाएकी प्रेम दाटून आलं म्हणून नव्हे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमान यांनी एक रोखठोक योजना मांडली. रणगाडे आणि तोफा पोलादातून होतात, पोलाद कोळशावर होतं. मग दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या ताब्यात द्या. शेजाऱ्याच्या नकळत युद्धाची तयारी करणंच जमू नये, हा हेतू. पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात आले. १९५१ साली करार झाला आणि त्यातूनच आजचा युरोपीय संघ वाढला.

बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोयते उपसणाऱ्या दोन भावकींना मिळून एकच विहीर काढायला लावावी, मोटर एक, पाण्याची पाळी ठरलेली, असा हा प्रकार. यावर कुणीही शेतकरी हसेल. सामाईक विहिरीवरून काय कमी भांडणं होतात? होतात, आणि ती तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, कोर्टात जातात. मुद्दा तोच आहे. मासेमारीचा हिस्सा, दुधाचे दर, शेतीचं अनुदान यांवरून युरोपीय देश ब्रुसेल्समध्ये रात्र रात्र वाद घालतात. वकिलांचं उखळ पांढरं होतं, पण सैन्य हलत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. व्यापार तर १९१४ मध्येही होता की! होता, भरपूर होता. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. आता युद्ध कुणालाच परवडणार नाही, असं सांगणारे लेखक तेव्हा हातोहात खपत होते. पण नुसती खरेदी-विक्री तोडता येते. सामाईक कायदा, सामाईक न्यायालय, २१ देशांचं एकच चलन आणि सीमेवर तपासणीच नाही, हे सगळं तोडायचं तर आधी स्वतःचं सरकारच मोडून काढावं लागेल. ब्रिटन नुसता संघातून बाहेर पडला, तर घटस्फोटाची कागदपत्रं करण्यात त्यांची चार वर्षं आणि दोन पंतप्रधान गेले.

'युरोपातले लोक आता सुधारलेत' हे कितपत खरं?

हे वाक्य मला मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण सारायेव्हो, बाल्कनमधल्या बोस्नियाची राजधानी. १९८४ साली या शहरात हिवाळी ऑलिंपिक झालं. ट्राम, विद्यापीठ, मशीद, चर्च आणि सिनेगॉग हाकेच्या अंतरावर. धर्मापलीकडची लग्नं अगदी नेहमीची. आठ वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, त्याच शहराला वेढा पडला आणि तो जवळजवळ चार वर्षं टिकला. ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या घसरगाडीसाठी डोंगरावर बांधलेल्या काँक्रीटच्या मार्गाचा सर्ब तोफखान्याने अड्डा केला आणि तिथून खालच्या वस्तीवर मारा होत राहिला. बोस्नियाच्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा इथे आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे काही दिवसांत मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेलं गाव होतं ते.

हे सगळं दूरदर्शनच्या काळातलं आहे, इतिहासाच्या पुस्तकातलं नव्हे. तेव्हा शांतता हा युरोपच्या रक्तातला गुण नाही. तो एक बंदोबस्त आहे. जिथे बंदोबस्त होता तिथे शांतता राहिली, नव्हता तिथे माणसं मेली.

आज कोसोव्होत नाटोची आणि बोस्नियात युरोपीय संघाची तुकडी तैनात आहे. बोस्नियातले सर्ब नेते अधूनमधून फुटून निघण्याची भाषा करतात. तिथे ठिणगी पडू शकते. पण आजूबाजूचे क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया हे सगळे आता नाटोत आहेत, त्यामुळे ती ठिणगी लांबवर जाणं अवघड दिसतं.

नाटो देशावर हल्ला म्हणजे आपोआप महायुद्ध?

आता मुख्य भाग. नाटोच्या करारातलं कलम ५ सगळ्यांना ऐकून माहीत असतं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. त्यापुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. त्यात असं म्हटलंय की प्रत्येक सदस्य, सशस्त्र बळाच्या वापरासह, त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल. 'त्याला आवश्यक वाटेल ती.' म्हणजे कुणी सैन्य पाठवेल, कुणी दारूगोळा, कुणी तंबू आणि औषधं. १९४९ साली अमेरिकी सिनेटला आपोआप युद्धात ओढलं जायचं नव्हतं, म्हणून ही पळवाट मुद्दाम ठेवली गेली.

हे कलम आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. म्हणजे अमेरिकेने युरोपला वाचवावं म्हणून लिहिलेलं कलम पहिल्यांदा वापरलं गेलं ते युरोपने अमेरिकेच्या मदतीला जाण्यासाठी. नाटोची टेहळणी विमानं तेव्हा अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती.

या कराराला हद्दही आहे, आणि ती आपल्या घराजवळ तपासली गेली आहे. पोर्तुगाल हा नाटोच्या पहिल्या १२ सदस्यांपैकी एक. तिथला हुकूमशहा सालाझार याचं सरकार म्हणायचं, गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचा प्रांतच आहे. तसं असेल तर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा नाटोने धावून यायला हवं होतं. कुणी आलं नाही. कलम ६ मध्ये लिहिलंय की संरक्षण युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिकमधली बेटं एवढ्यापुरतंच. फ्रान्सने आपला अल्जीरिया त्यात नावानिशी घालून घेतला होता. पोर्तुगालच्या पदरात गोव्यासाठी असं काहीच पडलं नव्हतं. पाश्चात्त्य देशांनी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आणला, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला आणि विषय संपला. पणजीवर तिरंगा चढला तेव्हा लिस्बनला कळून चुकलं की युतीचा कागद आणि युतीची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोलंड किंवा एस्टोनिया कागदावर पूर्णपणे हद्दीत आहेत, त्यामुळे त्यांचा गोवा होणार नाही. तरी तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना नेमकी काळजी आहे ती इच्छेची. म्हणून २०१७ पासून नाटोने एक साधा उपाय केलाय. एस्टोनियातल्या टापा गावाजवळ ब्रिटिश सैनिक, लाटव्हियात कॅनडाचे, लिथुआनियात जर्मन आणि पोलंडमध्ये अमेरिकी. हे सैन्य रशियाला रोखण्याएवढं मोठं नाही. पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी ब्रिटिश, कॅनेडियन, जर्मन पोरं मरतील, आणि मग 'आम्हाला काय आवश्यक वाटतं' यावर लंडन किंवा बर्लिनमध्ये फार चर्चा होणार नाही. हिशोब क्रूर आहे, पण तो सगळ्यांना, मॉस्कोलाही, समजतो.

मग सुरुवात कुठून होईल?

लष्करी चर्चांत दोन जागांची नावं सतत येतात.

पहिली नार्वा. एस्टोनियाच्या पूर्व टोकाचं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं शहर. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांची भाषा रशियन, कारण दुसऱ्या महायुद्धात शहर बेचिराख झाल्यावर सोव्हिएत कारखान्यांसाठी इथे बाहेरून कामगार आणून वसवले गेले. नदीच्या अलीकडे एस्टोनियाचा किल्ला, पलीकडे इव्हानगोरोदचा रशियन किल्ला, दोन्ही समोरासमोर, मध्ये फक्त पाणी. दर ९ मे रोजी, रशियाच्या विजयदिनी, पलीकडच्या काठावर मोठे पडदे आणि ध्वनिक्षेपक लागतात, तोंड नार्वाकडे. अलीकडच्या किल्ल्यावर संग्रहालयाने त्याच दिवशी पुतिन यांना युद्धगुन्हेगार म्हणणारा अजस्र फलक लटकवला. मे २०२४ मध्ये एका रात्री रशियन सीमारक्षकांनी एस्टोनियाने नदीत ठेवलेले, हद्द दाखवणारे दोन डझन तरंगते बोये उचलून नेले. त्याच वर्षापासून पुलावरून गाड्या बंद आहेत. नातेवाइकांना भेटायला जाणारी म्हातारी माणसं बॅगा ओढत, तासन्‌तास रांगेत थांबून, पायी पलीकडे जातात.

भीती अशी, की एक दिवस 'रशियन भाषकांच्या रक्षणासाठी' बिनखुणेच्या गणवेशातली माणसं इथे उतरतील, जशी २०१४ मध्ये क्रिमियात उतरली. एक शहर, एक दिवस, मोजकेच मृत्यू. यासाठी पोर्तुगाल किंवा स्पेन अणुयुद्धाचा धोका पत्करतील का? त्यांनी कच खाल्ली की कलम ५ ची पत संपली, एकही मोठी लढाई न होता.

यात एक गृहीतक मात्र कच्चं आहे. भाषा रशियन म्हणजे मन मॉस्कोत, असं नसतं. खार्किव्हही रशियन बोलणारं शहर होतं, आणि २०२२ मध्ये त्याने जीव तोडून रशियन सैन्याला बाहेर रोखलं.

दुसरी जागा सुवाल्की पट्टा. पोलंड आणि लिथुआनिया यांच्या सीमेवरचा हा सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटरचा तुकडा. एका बाजूला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत, उरलेल्या रशियापासून तुटलेला. दुसऱ्या बाजूला रशियाचा मित्र बेलारूस. हा पट्टा दाबला तर एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तिन्ही बाल्टिक देश जमिनीच्या वाटेने बाकी नाटोपासून तुटतात. पण २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन नाटोत आल्यापासून या भीतीची धार कमी झाली आहे. बाल्टिक समुद्राच्या काठावर आता रशिया सोडून सगळे नाटोचेच देश आहेत. कालिनिनग्राद हा सुरा होता तसाच आता ओलीसही झालाय.

युक्रेनमध्ये अडकलेला रशिया नाटोशी कसा लढणार?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. इतक्या वर्षांत जो देश युक्रेनच्या पूर्वेचं, आपल्या शेजारचं दोनबास पूर्ण घेऊ शकला नाही, तो ३२ देशांशी काय लढणार? शिवाय रशियाने फिनलंडच्या सीमेजवळचं बरंच सैन्य युक्रेनकडे हलवलं. नाटो हल्ला करेल अशी क्रेमलिनला खरोखर भीती असती तर हे केलं नसतं.

सरळ जिंकण्याच्या भाषेत हा आक्षेप बरोबरच आहे. रशियन रणगाडे बर्लिनला पोचतील असं कुठलाही शहाणा माणूस म्हणत नाही. पण उद्देश जमीन जिंकण्याचा नसून युती फोडण्याचा असेल, तर फार मोठं सैन्य लागत नाही. आणि यातला काही भाग बंदुकीशिवायच चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या दिवशी फिनलंड-एस्टोनियामधली समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. संशय एका तेलवाहू जहाजावर, नांगर ओढत नेल्याचा. खटला उभा राहिला, पण हे आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून फिनलंडच्या न्यायालयाने तो निकाली काढला. २०२४ मध्ये उपग्रहाचे दिशादर्शक संकेत इतके बिघडवले जात होते की फिनएअरने तार्तू शहराची विमानसेवा काही काळ थांबवली. केबल तुटणं हा 'सशस्त्र हल्ला' आहे का? नांगर हे शस्त्र आहे का? कलम ५ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रणगाडे होते.

अजून एक विचित्र गोष्ट. डेन्मार्कच्या लष्करी गुप्तचरांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अंदाज मांडला की युक्रेनचं युद्ध थांबलं किंवा गोठलं, तर रशिया सहा महिन्यांत एखाद्या शेजारी देशाशी स्थानिक युद्ध, दोनेक वर्षांत बाल्टिक भागात युद्ध, आणि अमेरिका मध्ये पडली नाही तर पाचेक वर्षांत मोठं युद्ध करू शकेल. करेलच असं नव्हे, करू शकेल. तेही नाटोने तोवर शस्त्रसज्जता वाढवली नाही असं धरून. म्हणजे युक्रेनमध्ये तोफा थांबल्या की शेजाऱ्यांची काळजी वाढणार. ज्या शस्त्रसंधीसाठी सगळे देव पाण्यात ठेवून बसलेत, त्याला ही दुसरी बाजू आहे.

अणुबाँब असताना युद्ध होईलच कसं?

रशिया आणि अमेरिकेकडे प्रत्येकी पाच हजारांहून जास्त, फ्रान्सकडे सुमारे २९०, ब्रिटनकडे सुमारे २२५ अण्वस्त्रं आहेत. त्यामुळे सर्वनाशी युद्ध दोघांनाही नको असतं, हे खरं. पण त्या छत्रीखाली लहान युद्ध होत नाही, असं भारतीय वाचकाला कुणी सांगू नये. मे १९९८ मध्ये भारत-पाकिस्तान दोघांनीही चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झालं. अणुबाँब युद्धाची कमाल मर्यादा आखतो. त्या मर्यादेच्या आत काय होऊ शकतं ते उघडं राहतं.

युक्रेनने तर अण्वस्त्रांचा धडा उलट्या बाजूने घेतला. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगातला तिसरा मोठा साठा त्याच्या भूमीवर होता. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये तो सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचं आश्वासन सहीनिशी दिलं. त्यात कलम ५ सारखं काही नव्हतं. पुढे काय झालं ते आपण बघतोय.

पण चूक नाटोचीच नाही का? पूर्वेकडे सरकली कोण?

आपल्याकडे हा मुद्दा फार लोकप्रिय आहे, आणि तो निव्वळ प्रचार म्हणून झटकता येत नाही. १९९० मध्ये अमेरिकी नेत्यांनी मॉस्कोला तोंडी जे सांगितलं त्याचा अर्थ रशियाने विस्तार न करण्याचं वचन असा घेतला. कुठल्याही करारात ते आलं नाही. अमेरिकेतल्या काही जुन्या मुत्सद्द्यांनीही नव्वदच्या दशकात विस्ताराबद्दल धोक्याची सूचना दिली होती. माझ्या मते सर्वांत वाईट निर्णय २००८ च्या नाटोच्या बुखारेस्ट बैठकीतला. युक्रेन आणि जॉर्जिया एक दिवस सदस्य होतील असं जाहीर केलं, तारीख मात्र दिली नाही. रशियाला डिवचून झालं आणि त्या दोघांना संरक्षणही मिळालं नाही. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झालं.

पण विस्तार म्हणजे फक्त वॉशिंग्टनने हात लांब केला असं नव्हे. आत यायला हे देश दार ठोठावत होते, आणि का ते कळायला कोल्हापूरला जावं. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ पोलंडमध्ये घुसले, देश वाटून घेतला आणि लाखो पोलिश माणसं सायबेरिया आणि मध्य आशियात हाकलली गेली. त्यातली काही इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ज्या देशाच्या आज्या-पणज्या पंचगंगेच्या काठी वाढल्या, तो देश आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून जास्त रक्कम संरक्षणावर घालतो, यात नवल नाही.

एखाद्या अपघाताने भडका उडाला तर?

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनच्या सीमेलगतच्या प्शेवोदूव्ह या पोलिश गावात धान्याच्या आवारात क्षेपणास्त्र पडलं आणि दोन माणसं मेली. पहिली बातमी पसरली ती 'रशियन क्षेपणास्त्र नाटोवर' अशी. जगातले बडे नेते तेव्हा जी-२० साठी बालीत होते, तिथेच त्यांनी तातडीची बैठक घेतली. दुसऱ्या दिवसापर्यंत चित्र पालटलं: बहुधा युक्रेनचंच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र चुकून आलं होतं. पोलंडने तेवढा वेळ तोंड आवरलं, म्हणून पुढचं टळलं. त्याआधी २०१५ मध्ये तुर्कस्तानने, म्हणजे नाटोच्या सदस्याने, रशियाचं लढाऊ विमान पाडलं होतं. रशियाने तुर्की टोमॅटोवर बंदी घातली आणि पर्यटक रोखले. युद्ध झालं नाही. दोन्ही बाजूंना युद्ध नको असेल तर अपघात पचवले जातात. खरी भीती आहे ती एका बाजूला निमित्त हवं असेल तेव्हाची.

अमेरिका निघून गेली तर?

हे आजचं सगळ्यात मोठं कोडं. नाटोचा युरोपातला सर्वोच्च सेनापती १९५१ च्या आयझेनहॉवरपासून नेहमी अमेरिकीच राहिला आहे. उपग्रहांची माहिती, हवेत इंधन भरणारी विमानं, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं यांसाठी युरोप अमेरिकेवर टेकलेला आहे. ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सभेत सांगितलं की जे पैसे भरत नाहीत त्यांचं रशियाने हवं ते करावं. २०२५ पासून त्यांनी ग्रीनलंडची मागणी लावून धरली. ग्रीनलंड डेन्मार्कचं आणि डेन्मार्क नाटोचा. संरक्षणाचं वचन देणाराच तुमच्या जमिनीवर डोळा ठेवतो, तेव्हा त्या वचनाचा भाव किती राहतो?

युरोपने उत्तर पैशात दिलंय. जून २०२५ मध्ये नाटोच्या हेगच्या बैठकीत ठरलं की २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षण आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांवर जाईल. जर्मनीने राज्यघटना बदलून संरक्षणासाठीच्या कर्जाची मर्यादा सैल केली आणि लिथुआनियात सुमारे पाच हजारांची कायमची तुकडी उभी करायला घेतली. जर्मन तुकडी कायमची परदेशात, तीही पूर्वेकडे, आणि यजमान आनंदाने स्वागत करतोय. १९४५ मध्ये हे सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

सामान्य माणसांपर्यंतही हे पोचलंय. स्वीडनने २०२४ च्या अखेरीस ५० लाखांहून जास्त घरी पुस्तिका पाठवली: पाणी किती साठवावं, भोंगा वाजला तर काय करावं, आणि प्रतिकार थांबल्याची बातमी आली तर ती खोटी समजावी. ५६ लाखांच्या फिनलंडमध्ये ४८ लाख लोक मावतील एवढे निवारे आहेत. हेलसिंकीत खडकात कोरलेला एक पोहण्याचा तलाव आहे. रोज मुलं तिथे डुंबतात, आणि बहात्तर तासांत तो ३,८०० माणसांचा निवारा होऊ शकतो.

मग शक्यता किती?

टक्क्यात आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझं मत असं: नाटो आणि रशिया यांच्यात जाणूनबुजून सुरू केलेलं मोठं युद्ध येत्या काही वर्षांत होणं कठीण आहे. कडेकडेची कुरतड, म्हणजे ड्रोन, केबल, आगी, नदीतले बोये, चालूच राहील. मधली पायरी, एखाद्या छोट्या जागेवरची छोटी झडप, ही खरी जोखीम, आणि ती वाढते ती रशियाच्या ताकदीपेक्षा युतीतल्या कुरबुरीने.

आपल्याला काय त्याचं? २०२२ मध्ये युक्रेनमधून येणारं सूर्यफूल तेल अडलं तेव्हा डब्याचा भाव प्रत्येक स्वयंपाकघराने पाहिला. खतांचे भाव भडकले आणि वैद्यकीय शिक्षणाला गेलेली मुलं पोलंड-रोमानियाच्या सीमांवर बर्फात उभी राहिली. बाल्टिक समुद्र पेटला तर हे सगळं कितीतरी मोठ्या प्रमाणावर होईल.

पुढच्या वेळी मोबाइलवर लाल अक्षरांत बातमी झळकली, की त्यात कलम ४ लिहिलंय की ५, ते आधी बघा. कलम ४ म्हणजे 'बैठक बोलवा'. २०२५ मध्ये पोलंड आणि एस्टोनिया या दोघांनीही तेच मागितलं होतं. मग बघा सैन्य हलतंय का. आजच्या काळात मोठ्या हल्ल्याची तयारी लपत नाही. २०२२ च्या आधी सीमेवर जमलेल्या लाखाहून जास्त रशियन सैन्याची उपग्रह छायाचित्रं काही महिने सगळं जग बघत होतं, आणि जानेवारीच्या अखेरीस जखमींसाठी रक्ताचा साठा पुढे नेल्याच्या बातम्या आल्या. तरीही हे नुसतं दबावतंत्र आहे, असं म्हणणारे जाणकार पॅरिसमध्ये, बर्लिनमध्ये आणि खुद्द कीव्हमध्येही शेवटच्या आठवड्यापर्यंत होते.